प्रकल्प-चित्रफीत

विद्यार्थ्यांच्या गटाने तयार केलेले यंत्र, प्रणाली किंवा अभ्यास परीक्षकांपुढे मांडण्यासाठी चित्रित केलेली, बहुधा दोन ते पाच मिनिटांची फीत. अंतिम वर्षाचे प्रकल्प, विज्ञान प्रदर्शने आणि २०१७ साली सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसारख्या स्पर्धा यांमुळे कोल्हापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांतील विद्यार्थ्यांना ती करावी लागते. परीक्षक आणि गट समोरासमोर नसल्याने व्हायवात म्हणजे तोंडी परीक्षेत जे प्रश्न विचारले गेले असते, त्यांची उत्तरे फितीतच आधी देऊन ठेवावी लागतात. जाहिरातीपेक्षा ती वेगळी ठरते ती याच कारणाने.

कोल्हापूरला चित्रपटनिर्मितीची जुनी परंपरा आहे. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास येथेच स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२९ मध्ये येथे स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. स्थानिक कार्यक्रमांत या इतिहासाचा उल्लेख हटकून होतो. तथापि प्रकल्प-चित्रफितीचे नाते स्टुडिओपेक्षा उद्यमनगर या औद्योगिक वस्तीतील लेथशी अधिक जवळचे म्हणावे लागेल, कारण तेथे जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, मापाला उतरला की नाही एवढेच पाहिले जाते. रंकाळा तलावावरच्या सूर्यास्ताचे ड्रोनने घेतलेले दृश्य फितीच्या आरंभी जोडण्याची हौस बऱ्याच गटांना असते. प्रकल्प रंकाळ्याच्या पाण्याविषयी नसेल, तर ते वाया गेलेले सेकंद होत. संस्थेचे बोधचिन्ह, मार्गदर्शकांचे आभार आणि सदस्यांची ओळख यांतच पहिले मिनिट खर्ची घालण्याची पद्धतही तितकीच रूढ आणि तितकीच निरुपयोगी आहे. अडचण कोणती आणि ती कोणाची, हे पहिल्या वीस सेकंदांत कळले पाहिजे. नावे शेवटी, कोणी काय काम केले त्यासह, द्यावीत.

फितीचा गाभा म्हणजे प्रात्यक्षिक. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहरात पंचगंगेच्या पाणीपातळीची सूचना देणारे यंत्र विद्यार्थ्यांना सुचावे, यात नवल नाही. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. प्रतिकृतीसाठी पारदर्शक नळकांडे घेऊन त्यावर या दोन खुणा लाल पट्टीने केल्या, तरी कॅमेऱ्यात स्वच्छ पाणी जवळजवळ दिसत नाही. त्यात कपड्यांच्या निळीचे दोन थेंब टाकून मागे पांढरा पुठ्ठा धरला की चढती पातळी लांबूनही ओळखता येते. पाणी, खूण आणि संदेश येणारा मोबाइल हे तिन्ही एकाच चौकटीत ठेवून हे दृश्य न तोडता घ्यावे. पाणी खुणेला टेकल्यावर कट मारून थेट मोबाइलचा पडदा दाखवला, तर मधल्या काळात संदेश हातानेच पाठवला असेल अशी शंका घेण्यास जागा राहते. संदेश यायला चाळीस सेकंद लागत असतील, तर चौकटीत घड्याळ ठेवून तो विलंब दिसू द्यावा आणि त्याचे कारण निवेदनात सांगावे.

उणिवा लपवण्यापेक्षा त्या सांगितलेल्या बऱ्या. अशा प्रतिकृतींत सर्रास वापरला जाणारा स्वस्त अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा) सेन्सर साधारण दोन सेंटिमीटर ते चार मीटर एवढेच अंतर मोजू शकतो, तर ४३ फूट म्हणजे सुमारे तेरा मीटर. नळकांड्यात बिनचूक चालणारा सेन्सर बंधाऱ्यावर पुरा पडेल काय, हा प्रश्न कोल्हापूरच्या कोणत्याही परीक्षकाच्या मनात पहिल्याच मिनिटाला येतो. त्याचे उत्तर फितीत नसेल, तर पुढची सफाई त्याच्या डोळ्यांत भरत नाही.

चित्र थोडे कमी प्रतीचे असले तरी पाहणारा सोसतो. आवाज अस्पष्ट असला की तो फीत बंद करतो. बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत माइकपर्यंत पोहोचणारी ध्वनिऊर्जा चौपटीने घटते, आणि भोवतालचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो; म्हणून कॉलर माइक हनुवटीखाली पंधरा-वीस सेंटिमीटरवर लावतात. प्रकल्प जमा करण्याचे दिवस एप्रिल-मेचे असल्याने पंखा बंद करणे कोणालाच परवडत नाही. अशा वेळी प्रात्यक्षिक आधी चित्रित करून निवेदन नंतर, गाद्या-रजया असलेल्या लहान खोलीत रात्री ध्वनिमुद्रित करणे सोयीचे जाते. माइक वेगळा असेल, तर प्रत्येक टेकच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे एडिटिंगमध्ये चित्र व आवाज जुळवता येतात. निवेदन मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास ठेवले, तर तीन मिनिटांना पावणेचारशे शब्द पुरतात. नियमांत मुभा असेल, तर पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा स्वतःच्या मराठीत बोलून खाली इंग्रजी उपशीर्षके देणे केव्हाही श्रेयस्कर. पाठांतर अडखळले की काम स्वतः केलेल्या विद्यार्थ्यावरही अविश्वास बसतो.

प्रकाशाबाबत दोन अडचणी नेहमी येतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण सेकंदाला तीस चौकटी घेणाऱ्या मोबाइलमध्ये पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलमध्ये सोय असेल, तर चौकटी पंचवीस आणि शटर, म्हणजे प्रत्येक चौकटीला प्रकाश मिळण्याचा काळ, पन्नासांश किंवा शतांश सेकंद ठेवल्यास ते जातात. नाहीतर खिडकीचा उजेड उत्तम. दुसरी अडचण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) चित्रण करणाऱ्यांना भेडसावते. साच्यात वितळलेल्या धातूचा रस ओतताना त्याच्या झगझगाटामुळे कॅमेरा आपोआप सगळे चित्र काळे करतो आणि ज्या साच्यासाठी चित्रण चालले आहे तोच दिसेनासा होतो. ओतणे सुरू होण्यापूर्वी बोट साच्यावर दाबून एक्स्पोजर (चित्राच्या उजेडाचे प्रमाण) लॉक करावे. रस पांढराफटक दिसला तरी चालेल.

मोबाइल आडवा धरून १९२० × १०८० पिक्सेलमध्ये केलेले चित्रण बहुतेक कामांना पुरते. फोर-केमध्ये पिक्सेल चौपट होतात आणि ऐन टेकमध्ये मेमरी संपते. चित्रणापूर्वी मोबाइल फ्लाइट मोडवर टाकणे आणि भिंग सुती कापडाने पुसणे ही क्षुल्लक वाटणारी कामे हमखास विसरली जातात. प्रात्यक्षिकात संदेश याच मोबाइलवर यायचा असेल, तर चित्रणासाठी दुसरा घ्यावा. पुरी झालेली फीत व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवल्यास ती दाबली जाऊन अक्षरे फुटतात, म्हणून ती गूगल ड्राइव्हवर चढवून लिंक देतात. ती लिंक गटाबाहेरच्या एखाद्याच्या मोबाइलवर परवानगी न मागता उघडते का, हे मुदतीच्या आदल्या दिवशीच पाहून घ्यावे.