एकाच कॅम्पातले दोन निर्वासित : वळिवडे ते गांधीनगर

कोल्हापूर-सांगलीकडे लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगर गाठायचं, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. सिंधी व्यापाऱ्यांची ही कापडपेठ कोल्हापूर शहराला जवळजवळ चिकटलेली आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान मोदी पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, 'कोल्हापूर स्मारका'ला अभिवादन करताना टीव्हीवर दिसले आणि अनेकांनी पहिल्यांदाच विचारलं, पोलंडचा नि आपल्या कोल्हापूरचा संबंध काय? संबंध या कापडपेठेखालच्या जमिनीचाच आहे. आज जिथे साड्यांचे गठ्ठे उतरतात तिथे, म्हणजे वळिवड्याला, पाच वर्षं पोलिश निर्वासितांची वसाहत होती. ती उठली आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं शिरली.

स्थलांतर म्हटलं की दुष्काळ, पोटापाण्याची वणवण, घोड्यावरून आलेल्या टोळ्या असं चित्र डोळ्यांपुढे येतं. विसाव्या शतकातली मोठी स्थलांतरं बरीचशी त्या जातीची नाहीत. ती करारांनी, हुकमांनी आणि नकाशांवरच्या रेघांनी घडवली. वळिवड्यात अशी दोन स्थलांतरं पाठोपाठ येऊन थांबली.

पहिलं सुरू झालं सप्टेंबर १९३९ मध्ये. १ तारखेला जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ तारखेला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर चढाई केली. हिटलर आणि स्टॅलिन यांच्यात वाटणी आधीच ठरली होती. पूर्वेकडच्या वाट्यात जे पोलिश लोक सोव्हिएत राजवटीला नकोसे होते, त्यांना फेब्रुवारी १९४० पासून उचलायला सुरुवात झाली. माजी सैनिक, ज्यांना तिथे शेती देऊन वसवलं होतं, ते आणि जंगलखात्यातले कर्मचारी पहिल्या खेपेत होते. एप्रिलमध्ये अटक झालेल्यांच्या बायकामुलांची पाळी आली, जूनमध्ये जर्मन भागातून पळून आलेल्यांची (त्यांत ज्यू पुष्कळ), आणि १९४१ च्या उन्हाळ्यात चौथी खेप निघाली. मध्यरात्री दारावर थाप, सामान बांधायला थोडा वेळ आणि मग मालगाडीच्या डब्यात आठवडेच्या आठवडे. गाड्या सायबेरियात नि कझाकस्तानात रिकाम्या होत. आकड्यावर आजही वाद आहे. सोव्हिएत कागदपत्रांवरून तीन लाखांच्या थोडा वर जातो, जुने पोलिश अंदाज दहा लाखांच्या आसपास आणि त्याहून वरही आहेत.

यातून सुटका झाली ती कुणाला दया आली म्हणून नव्हे. २२ जून १९४१ ला हिटलर रशियावर उलटला आणि स्टॅलिनला माणसांची गरज पडली. लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारशी ३० जुलैला करार झाला, कैद्यांना 'माफी' मिळाली (गुन्हा कोणता, हे विचारायचं नाही) आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली. फौजेच्या मागोमाग हजारो उपाशी कुटुंबं दक्षिणेकडे निघाली. १९४२ मध्ये दोन खेपांत कास्पियन समुद्र ओलांडून सव्वा लाखाच्या आसपास लोक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. पुरुष फौजेबरोबर इराक, पॅलेस्टाइन करत इटलीत पोचले आणि मे १९४४ मध्ये मॉन्टे कसिनोला लढले. मागे उरलेल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं यांचं करायचं काय? ब्रिटिशांनी त्यांना पूर्व आफ्रिका, भारत, मेक्सिको, न्यूझीलंड असं मिळेल तिथे वाटून टाकलं. वळिवड्याच्या कॅम्पात बायकामुलांचा भरणा का होता, ते यावरून कळतं. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक मॉन्टे कसिनोच्या स्मारकाशेजारी आहे, तेही त्यामुळेच ठीक वाटतं.

इथे एक घोटाळा निस्तरायला हवा. समाजमाध्यमांवर 'कोल्हापूरच्या महाराजांनी हजारो पोलिश मुलांना आश्रय दिला' असं फिरत असतं. त्यात गुजरातची गोष्ट मिसळली आहे. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडी इथे पोलिश मुलांना ठेवून घेतलं. वॉर्सातला 'भल्या महाराजांचा चौक' त्यांच्या नावचा. कोल्हापुरात राजाराम महाराज १९४० मध्येच वारले होते, गादीवर अल्पवयीन दत्तकपुत्र होते आणि कारभार रीजन्सीकडे, म्हणजे अल्पवयीन राजाच्या वतीने राज्य चालवणाऱ्यांकडे, होता. जागा संस्थानातली, व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची, खर्च लंडनच्या पोलिश सरकारच्या खात्यावर, असा तो मामला होता. कोल्हापूरकरांनी या लोकांना सांभाळून घेतलं, हे खरंच. पण ते श्रेय गावातल्या लोकांचं आहे, दरबाराचं नव्हे.

१९४३ च्या पावसाळ्यापासून कराचीमार्गे माणसं वळिवड्याला येऊ लागली आणि वस्ती पाच हजारांवर गेली. मिरज-कोल्हापूर रेल्वे जवळ, पंचगंगेचं पाणी जवळ, म्हणून ही जागा. लांबलचक कौलारू बराकी, बांबूच्या चटयांच्या भिंती. भिंत अशी की शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू यावा. पण प्रत्येक कुटुंबाला आपल्या खोल्या आणि पुढे पडवी होती. सायबेरियात एकाच कोठारात झोपलेल्यांना पडवी म्हणजे चैनच वाटली असणार. पडव्यांपुढे फुलझाडं लागली. चर्च, शाळा, दवाखाना, थिएटर, स्काउटची पथकं, सगळं उभं राहिलं. शिक्षण पोलिशमधून, कारण परत जायचंच आहे असं सगळे धरून चालले होते. भाजीवाले, फळवाले कॅम्पात यायचे. त्यांच्याशी घासाघीस करण्याइतकं मराठी पोलिश पोरांनी उचललं.

परत जाणं मात्र बहुतेकांच्या नशिबी आलं नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्यांनी (अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ) पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडेच ठेवायचं ठरवलं. ल्वुव, विल्नो ही शहरं परक्या देशात गेली, आणि तीही ज्यांच्या कैदेतून हे लोक सुटून आले त्यांच्याच. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढली. कॅम्पातल्या माणसांना धड देश उरला नाही, धड पालक उरला नाही. थोडे पोलंडला गेले, पुष्कळ जण ब्रिटनला, काही पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला. काही मुली मराठी मुलांशी लग्न करून इथेच राहिल्या. १९४८ पर्यंत बराकी ओस पडल्या.

त्या फार दिवस रिकाम्या राहणार नव्हत्या. सिंधची गोष्ट पंजाबहून वेगळी आहे. पंजाब चिरला गेला, सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. तिथे साधारण चारातला एक माणूस हिंदू, आणि कराची, हैदराबाद, सक्कर, शिकारपूर या शहरांत तर व्यापार, वकिली, शिक्षण बहुतेक त्यांच्याच हाती. ऑगस्ट १९४७ मध्ये बरेच जण 'थांबून बघू' म्हणत होते. सिंधचे मुख्यमंत्री खुहरो यांनाही ते निघून जायला नको होते, कारण बाजार बसला असता. पण भारतातून निघालेले मुस्लिम निर्वासित कराचीत भरत गेले, त्यांना घरं हवी होती. डिसेंबरमध्ये हैदराबादेत आणि ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली. त्यानंतर थांबण्याची भाषा संपली. कराचीच्या धक्क्यावर बोटी भरभरून मुंबईला, काठियावाडच्या बंदरांकडे निघाल्या. पाच वर्षांपूर्वी पोलिश बायका याच कराचीमार्गे आल्या होत्या.

मुंबईत जागा नव्हती. महायुद्धासाठी उभारलेल्या छावण्या मात्र रिकाम्या होत्या. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं, पुण्याजवळ पिंपरीला वस्ती बसली, आणि वळिवड्याचा पोलिश कॅम्प गांधीनगर झाला. बराकी त्याच, चटया त्याच, भाषा बदलली. दरम्यान कोल्हापूर संस्थानही १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणजे यजमानाचाच पत्ता बदलला.

पोलिश लोक जायच्या तयारीने राहिले, सिंधी राहायच्या तयारीने आले. त्यांना परत नेणारं कुणी नव्हतंच. सिंधमधल्या हैदराबादच्या 'भाईबंद' या व्यापारी जातीच्या पेढ्या फाळणीपूर्वीच जपानपासून पनामापर्यंत होत्या, शिकारपुरी सावकार मध्य आशियात व्यवहार करायचे. उधारी, पत आणि नातेवाइकांचं जाळं यांवर धंदा उभा करायची सवय जुनी होती. नफा कमी, खप जास्त या हिशेबाने त्यांनी कापड विकलं आणि गिऱ्हाईक कोकण, बेळगावपासून येऊ लागलं. सोडून आलेल्या हवेल्यांचे, जमिनींचे 'क्लेम' भरले गेले. त्यासाठी १९५४ चा भरपाईचा कायदा झाला. मिळालं ते गमावल्याच्या मानाने थोडंच.

पोलिश लोकांना गमावलेल्याची दाद मागणंही सोपं नव्हतं. साम्यवादी पोलंडमध्ये तर सायबेरियाचं नावही उघड काढायची सोय नव्हती. त्यामुळे कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात पोलिशांचा स्मृतिस्तंभ उभा राहायला १९९८ साल उजाडलं. तेव्हा गांधीनगरात बराकीत जन्मलेली पिढी गल्ल्यावर बसून पन्नाशीला टेकली होती.