मुक्त सिक्वेन्सर आणि प्लगइनचे परवाने : पार्श्वभूमी

गोव्यात चवथीच्या घुमट-आरतीची (घुमट या मातीच्या तालवाद्यावर गायल्या जाणाऱ्या आरतीची) तालीम ठरली आणि साथीचे शामेळ हे तालवाद्य वाजवणारा नेमका मुंबईला नोकरीत अडकला, तर त्याची बाजू संगणकावर बसवून सराव भागवता येतो. एलएमएमएस हा मुक्त स्रोत सिक्वेन्सर, म्हणजे ठोके आणि स्वर क्रमाने मांडून वाजवणारा प्रोग्रॅम, उघडायचा, शामेळाचे ध्वनिमुद्रित ठोके एकेका चौकटीत मांडायचे आणि आवाज कोरडा वाटला, तर देवळाच्या मंडपासारखा घुमारा देणारे प्लगइन, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला लावायचा छोटा जोड-प्रोग्रॅम, जोडायचे. हे जोडणे आज क्षणाचे काम आहे. मात्र त्यामागची खटपट ध्वनिशास्त्राइतकीच परवान्यांभोवतीही फिरली आहे.

पाया मिडीचा, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना निरोप धाडण्याच्या पद्धतीचा. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर तारेने जोडून दाखवण्यात आले. मिडीतून ध्वनी जात नाही; कोणती पट्टी, केव्हा आणि किती जोराने दाबली, एवढाच निरोप जातो. घुमटाचे मागचे उघडे तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत काढलेला नाद या निरोपात मावत नाही, त्यासाठी पिच बेंडची, म्हणजे स्वर वरखाली सरकवणारी, रेघ हाताने ओढावी लागते. आणि ती वाकवली की त्या चॅनेलवरचे सगळेच स्वर वाकतात.

१९९६ मध्ये स्टाइनबर्ग या कंपनीने आपल्या क्यूबेस या संगीत-प्रोग्रॅमसोबत व्हीएसटी ही प्लगइनची पद्धत आणली आणि १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वाद्येही प्लगइन झाली. तिची विकासक-संहिता (प्लगइन लिहिणाऱ्यांना लागणारा कोड) फुकट मिळत असे, पण ती पुढे वाटण्याची मुभा नव्हती. जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळा स्रोत उघडा ठेवणाऱ्यांची इथेच कोंडी झाली. २००४ मध्ये सुरू झालेल्या एलएमएमएसने त्यावर वाट काढली ती मूळ संहितेला हात न लावता नव्याने लिहिलेल्या हेडर फाइलच्या (प्लगइनशी कसे बोलायचे ते सांगणाऱ्या फाइलच्या) आधारे. त्याचा हा भाग आजही व्हेस्टीज या नावाने दिसतो.

लिनक्सवाल्यांनी दरम्यान स्वतःचीच पद्धत उभी केली होती. २००० सालची लाडस्पा एका छोट्या सी हेडरमध्ये बसत असे. ती ध्वनी आणि आकडे घेई, स्वर घेत नसे, म्हणून तिच्यातून घुमाऱ्यासारखे परिणाम साधत, वाद्य नाही. ही उणीव आधी डीएसएसआय आणि पुढे एलव्ही२ या पद्धतींनी भरून काढली. एलव्ही२ मध्ये प्लगइनचे वर्णन वेगळ्या मजकूर-फाइलीत असते, त्यामुळे यजमान प्रोग्रॅमला (ज्याला प्लगइन जोडायचे त्याला) ते चालू न करताच त्यात काय आहे हे कळते. माझ्या मते या साऱ्यातली सर्वांत शहाणी कल्पना हीच.

व्हीएसटी३ ची संहिता २०१७ मध्ये जीपीएलखालीही मिळू लागली, २०२२ मध्ये क्लॅप ही प्लगइनची पद्धत सुरुवातीपासूनच एमआयटी या फारशा अटी नसलेल्या परवान्याने आली आणि २०२५ मध्ये व्हीएसटी३ नेही तोच परवाना स्वीकारला. व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीची संहिता मात्र २०१८ पासून नव्या विकासकांना मिळतच नाही, त्यामुळे त्या काळातली जुनी वाद्ये एलएमएमएसमध्ये उघडायची, तर आजही व्हेस्टीजच लागते.