अँजिओग्राफी नॉर्मल, तरी छातीत का दुखतं?

पुण्यातल्या पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या चढल्या की छाती आवळून येते, थांबलं की ओसरते. अँजिओग्राफीत एकही ब्लॉकेज सापडत नाही. मग घरोघरचं ठरलेलं निदान : गॅस. बाई असेल तर, ‘टेन्शन फार घेतेस.’

पण अँजिओग्राफीत साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रक्तवाहिन्या दिसतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त सोडायचं हे मुख्यतः त्याच ठरवतात. हृदय बसल्या जागीही रक्तातला सुमारे 70 टक्के ऑक्सिजन शोषून घेतं; त्यामुळे चढावर जास्त रक्तच आणावं लागतं. निरोगी माणसात हा प्रवाह तीन-चार पट वाढू शकतो. सूक्ष्म वाहिन्या पुरेशा उघडल्या नाहीत, की दुखतं. रजोनिवृत्तीनंतर बायकांत हे अधिक आढळतं.

खरी गंमत पुढे आहे. वाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. चालताना रक्ताचा वेग वाढतो, ते या पेशींना जोराने घासत जातं आणि पेशींना ती ओढ कळते! त्यांच्यातलं एक एन्झाइम आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. तो वायू शेजारच्या स्नायुपेशीत शिरतो, तिथे सायक्लिक जीएमपी हे निरोप पोचवणारं रसायन वाढतं, कॅल्शियम घटतं, पेशी सैलावते, वाहिनी रुंदावते. 1998 चं वैद्यकाचं नोबेल नायट्रिक ऑक्साइडवरच्या कामालाच मिळालं. घासणं नियमित होत राहिलं की पेशी ते एन्झाइमच जास्त बनवू लागतात. शिवाय सरावाने नाडी मंदावते. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात, आणि तोच लांबतो.

अशा रुग्णांवरचे अभ्यास छोटे आहेत, पण व्यायामाने दमसास वाढतो, दुखणं कमी होतं, असं त्यांत दिसलंय. व्हॉट्सअ‍ॅपवरचा लसूण-आलं-लिंबाचा ‘ब्लॉकेज विरघळवणारा’ काढा मात्र इथे काय विरघळवणार? ब्लॉकेजच नाही.

सुरुवात डॉक्टरांना विचारूनच, सारसबागेतल्या सपाट वाटेवर. दहा मिनिटं रमतगमत, मग वेग; तळजाईचा चढ नंतर. डिसेंबरातल्या पहाटे तर अंग तापल्याशिवाय चढाला भिडूच नये, थंडीने वाहिन्या आकसतात. दुखलं की थांबायचं. थांबूनही पाच-दहा मिनिटांत ओसरलं नाही, किंवा बसल्या जागी दुखू लागलं, तर जुना नॉर्मल रिपोर्ट काढून बघत बसू नका, 108 ला फोन करा.