अंतर्गळ (हर्निया)

पोट, छाती किंवा कवटी यांसारख्या पोकळीतला अवयव त्या पोकळीच्या भिंतीतल्या कच्च्या जागेतून बाहेर सरकला, की त्याला अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात. व्यवहारात हा शब्द बहुधा पोटाच्या भिंतीपुरताच वापरला जातो. आतडे, आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा (वपाजाल) किंवा नुसतीच चरबी स्नायूंमधल्या फटीतून पुढे येते आणि कातडीखाली फुगवटा दिसतो. ‘आतडे बाहेर आले’ असे घाबरून सांगितले जाते तेव्हा ते स्नायूंच्या बाहेर पण कातडीच्या आतच असते. त्याच्याभोवती पोटाच्या अस्तराची (पर्युदराची) पिशवी असते. या पिशवीचे तोंड जितके अरुंद, तितका धोका जास्त.

हर्नियाच्या निदानात दोन जातींचे शब्द येतात. एक जागा सांगतो, दुसरा अवस्था. रुग्णाच्या आणि घरच्यांच्या लक्षात राहते ती जागा. घाई करायची की नाही हे मात्र अवस्थेवरून ठरते. म्हणून आधी अवस्था पाहू.

अवस्था

आडवे झाल्यावर किंवा हलक्या हाताने दाबल्यावर फुगवटा पोटात परत जात असेल, तर तो ‘रिड्युसिबल’ हर्निया. सकाळी काही नसते, दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी गाठ दिसते, झोपले की जाते, अशी बहुतेकांची तक्रार असते. पिशवीत आतडे असेल तर आत सरकताना गुडगुड ऐकू येते; वपाजाल असेल तर गाठ मळलेल्या कणकेसारखी लागते.

गाठ आत जाईनाशी झाली की कागदावर ‘इररिड्युसिबल’ किंवा ‘इनकार्सरेटेड’ असे लिहिले जाते. पिशवीत चिकटाव झालेले असतात किंवा तोंड अरुंद असते. यातला दुसरा शब्द फसवा आहे. काही शल्यविशारद तो नुसत्या आत न जाणाऱ्या गाठीला वापरतात, काही जण आतडे अडकून त्रास सुरू झाला असेल तेव्हाच. वर्षानुवर्षे आत न गेलेला आणि मुळीच न दुखणारा हर्निया घेऊन वावरणारी माणसे असतात, त्यामुळे हा शब्द वाचूनच हबकण्यात अर्थ नाही. गाठ दुखते का, आणि दुखणे केव्हापासून आहे, हे जास्त महत्त्वाचे.

‘ऑब्स्ट्रक्टेड’ म्हणजे आतड्याचा मार्ग बंद झाला आहे, पण रक्तपुरवठा अजून चालू आहे. पोटात कळा येतात, पोट फुगते, उलट्या होतात, शौच आणि वायू दोन्ही बंद होतात. पुढची पायरी ‘स्ट्रँग्युलेटेड’. पिशवीच्या तोंडाशी आवळ बसला की आधी नीला दबतात, कारण त्यांच्या भिंती पातळ आणि आतला दाब कमी असतो. रोहिणीतून रक्त येत राहते, परत जायला वाट नसते. आतडे सुजते, सुजेने आवळ आणखी घट्ट होतो आणि शेवटी रोहिणीही बंद पडते. काही तासांत त्या भागाला गँगरीन होऊ शकते. गाठ टणक होते, हात लावू देत नाही, खोकल्यावर हलत नाही, वरची कातडी लाल होते. ताप येतो, नाडी जलद चालते. यावर तातडीच्या शस्त्रक्रियेखेरीज उपाय नाही. रुग्णाला काही खायला-प्यायला न देता रुग्णालयात न्यावे आणि अशी गाठ घरी जोर लावून आत ढकलू नये. मेलेले आतडे पोटात परत गेले तर गाठ दिसेनाशी होते, सगळ्यांना हायसे वाटते आणि जंतुसंसर्ग आत पसरत राहतो.

या शब्दांनाही गुंगारा देणारा एक प्रकार आहे. रिक्टरच्या हर्नियात आतड्याची पूर्ण नळी अडकत नाही, तिच्या भिंतीचा एक भागच चिमटला जातो. मार्ग मोकळा असल्याने शौच होत राहते, उलट्या फारशा नसतात, म्हणून रुग्ण आणि डॉक्टर दोघेही निर्धास्त राहतात. चिमटलेला भाग मात्र सडत असतो.

कारणे

जड वजन उचलल्याने हर्निया होतो, ही समजूत अर्धीच खरी. वजन उचलताना तो पहिल्यांदा दिसतो इतकेच अनेकदा घडते. जागा आधीच कच्ची असते. हा कच्चेपणा जन्मजात असतो, वयाने येतो, जुन्या शस्त्रक्रियेच्या जखमेमुळे येतो किंवा ऊतींना घट्टपणा देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या दोषामुळे. धूम्रपानाने कोलॅजेन बिघडते, शिवाय खोकलाही जडतो. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला जोर करावा लागणे, गरोदरपण, लठ्ठपणा आणि जलोदर (पोटात पाणी साठणे) यांनी पोटातला दाब वाढतो. उतारवयात नव्याने हर्निया झालेल्या पुरुषाला डॉक्टर लघवीबद्दल खोदून विचारतात ते यासाठीच: लघवीची वाट दाबणारी वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी तशीच ठेवून नुसती भिंत दुरुस्त केली, तर जोर करणे चालूच राहते.

जागेवरून पडलेली नावे

पोटाच्या भिंतीच्या हर्नियांपैकी सुमारे ७५ टक्के जांघेत होतात. आयुष्यभरात पुरुषाला तो होण्याची शक्यता अंदाजे २७ टक्के, स्त्रीला ३ टक्के. या तफावतीचे मूळ गर्भावस्थेत आहे. वृषण पोटात तयार होतात आणि जन्मापूर्वी जांघेतल्या बोगद्यातून खाली अंडकोशात उतरतात. त्यांच्यासोबत पर्युदराची एक नळी खाली येते आणि पुढे ती बुजते. बुजली नाही तर त्याच वाटेने आतडे उतरते. हा ‘इनडायरेक्ट’ हर्निया. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये हाच असतो, उजव्या बाजूला जास्त आढळतो आणि अंडकोशापर्यंत पोचू शकतो. ‘डायरेक्ट’ हर्निया बोगद्याची मागची भिंत वयाने सैल पडून थेट पुढे येतो. त्याचे तोंड रुंद असल्याने तो क्वचितच आवळला जातो.

फिमोरल हर्निया जांघेच्या घडीच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला येतो. तो स्त्रियांमध्ये जास्त आढळतो, लहान असतो आणि स्थूल व्यक्तीत सहज नजरेतून सुटतो. त्याची वाट हाडाने व ताठ बंधांनी वेढलेली असल्यामुळे तो सर्वांत बेभरवशाचा. एका जुन्या, वारंवार उद्धृत होणाऱ्या पाहणीनुसार आवळले जाण्याची शक्यता फिमोरलमध्ये २१ महिन्यांत ४५ टक्के, तर जांघेतल्या हर्नियात दोन वर्षांत ४.५ टक्के निघाली. म्हणून फिमोरल हर्नियात थांबून पाहण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही.

बेंबीचा हर्निया तान्ह्या बाळात दिसायला मोठा, पण बहुधा निरुपद्रवी असतो. रडताना तो टरारून फुगतो. चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेकांचे छिद्र आपोआप मिटते. त्यावर नाणे बांधण्याने काही साधत नाही, कातडी मात्र सोलवटते. मोठ्या माणसात हाच हर्निया आपणहून मिटत नाही. जुन्या व्रणातून येणाऱ्याला इन्सिजनल म्हणतात. शस्त्रक्रियेच्या जागी जखम पिकली असेल तर त्याची शक्यता वाढते. बेंबीच्या वर मध्यरेषेत येणारा तो एपिगॅस्ट्रिक.

हायटस हर्निया बाहेरून दिसतच नाही. अन्ननलिका ज्या छिद्रातून मध्यपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) ओलांडते, तिथून जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. बहुतेकदा त्रास होतो तो आंबट पाणी वर येण्याचा आणि छातीत जळजळण्याचा, औषधांनी भागते. एंडोस्कोपीच्या अहवालात ‘लहान हायटस हर्निया’ ही ओळ वाचून ऑपरेशनच्या विचाराने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

तपासणी आणि सारख्या दिसणाऱ्या गाठी

हर्नियाचे निदान आजही मुख्यतः डोळ्यांनी आणि हातांनीच होते. रुग्णाला उभे करून खोकायला सांगतात. बोटांना आतून धक्का जाणवला तर निदान जवळपास पक्के. नुसते झोपवून तपासले तर हर्निया हुलकावणी देतो. शंका राहिल्यास सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करतात.

अंडकोशात पाणी साठले (हायड्रोसील) तरी सूज येते, पण गाठीच्या वर बोटे जुळवता येतात, कारण सूज अंडकोशातच सुरू होऊन तिथेच संपते. हर्निया वरून उतरलेला असल्याने तिथे बोटे जुळत नाहीत. अंधारात टॉर्च लावली तर हायड्रोसील लालसर उजळतो. तान्ह्या बाळाचे आतडेही इतके पातळ असते की तेही उजळते, त्यामुळे या खुणेवर तिथे विसंबता येत नाही. जांघेतली सुजलेली लसिकाग्रंथी, खाली न उतरलेले वृषण, फुगलेली शीर (व्हेरिकोसील) आणि चरबीची गाठ हेही भ्रम निर्माण करतात. बाळंतपणानंतर पोटाचे मधले स्नायू दूर होऊन उठताना उंचवटा दिसतो, त्याला डायस्टॅसिस म्हणतात; भिंतीत छिद्र नसल्याने तो हर्निया नव्हे.

उपचार

औषधाने किंवा व्यायामाने छिद्र बुजत नाही. पट्टा फुगवटा दाबून धरतो, एवढेच. शस्त्रक्रियेच्या तीन नावांतला फरक सोपा आहे: हर्निओटॉमीत फक्त पिशवी काढतात आणि लहान मुलांत तेवढे पुरते, हर्निओरॅफीत स्वतःच्याच ऊती टाक्यांनी जुळवतात, हर्निओप्लास्टीत जाळी बसवतात.

टाक्यांची शास्त्रशुद्ध पद्धत इटलीतल्या पाडुआ येथे एडुआर्दो बासिनी यांनी बसवली आणि १८८७ पासून ती प्रसिद्ध केली. तरुणपणी, १८६७ मध्ये रोमजवळच्या लढाईत, त्यांना स्वतःलाच जांघेत संगिनीचा वार लागला होता. ताणून शिवलेल्या ऊती पुढे फाटतात, ही अडचण मात्र उरली. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची जाळी आल्यावर ताण न देता भिंत भक्कम करता येऊ लागली. १९८० च्या दशकात अर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी ही पद्धत रूढ केली. आता हेच काम दुर्बिणीतूनही होते. शस्त्रक्रियेनंतर थोड्या रुग्णांत जांघेत चिवट दुखणे उरते. सही करण्याआधी जाळीबद्दल विचारतात तसे याबद्दलही जरूर विचारावे.

न दुखणाऱ्या हर्नियाचे ऑपरेशन करायलाच हवे का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत जांघेच्या हर्नियाचा फारसा त्रास नसलेले पुरुष घेतले होते. थांबून पाहणाऱ्यांत आतडे अचानक अडकण्याचे प्रमाण दर वर्षी हजारामागे दोनाहूनही कमी निघाले. तरी दहा वर्षांत त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांशांनी, मुख्यतः दुखू लागल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतलीच. लहान मुलांच्या जांघेतल्या हर्नियाला मात्र ही मुभा नाही. त्यात आतडे अडकण्याचा धोका मोठा असतो आणि जितके बाळ लहान तितका जास्त.

अन्यत्र वापर

मणक्यांमधली चकती मागे सरकून मज्जातंतू दाबते तेव्हा एमआरआयच्या अहवालात ‘डिस्क हर्निएशन’ लिहितात; बोलताना त्याला स्लिप डिस्क म्हणतात. त्याचा पोटाच्या हर्नियाशी संबंध नाही आणि बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. मेंदूचे हर्निएशन ही याच्या उलट गत: रक्तस्राव, गाठ किंवा सूज यांमुळे कवटीतला दाब वाढून मेंदूचा भाग आतल्या पडद्यांखालून किंवा कवटीच्या तळच्या छिद्राकडे सरकतो, श्वासाचे केंद्र दाबले जाते आणि उपचाराला मिनिटांचाच अवधी असतो.