द स्क्रूटेप लेटर्स

सी. एस. लुइस (१८९८–१९६३) यांची पत्ररूप उपरोधिक कादंबरी. लंडनच्या जेफ्री ब्लेस या प्रकाशकाने फेब्रुवारी १९४२ मध्ये काढली. यात ३१ पत्रे आहेत आणि सगळी एकाच हातची. नरकातल्या खात्यात मुरलेला वरिष्ठ सैतान स्क्रूटेप, नव्याने कामाला लागलेल्या वर्मवुडला, एका तरुण इंग्रज माणसाला धर्मापासून कसे ढळवायचे हे शिकवतो. वर्मवुड त्याचा ‘नेफ्यू’. इंग्रजीत तेवढ्यावर भागते. मराठीत पुतण्या की भाचा हे ठरवावे लागते. इथे पुतण्याच बरा, आणि त्याचे कारण शेवटच्या पत्रात आहे.

लुइस मूळचे बेलफास्टचे, ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात साहित्य शिकवणारे. तरुणपणी नास्तिक असलेले लुइस १९३१ मध्ये ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले. जुलै १९४० मध्ये रेडिओवर हिटलरचे भाषण ऐकल्यानंतर एका रविवारी चर्चमध्ये त्यांना ही कल्पना सुचली, आणि लगेच त्यांनी ती आपल्या भावाला पत्राने कळवली. १९४१ मध्ये ‘द गार्डियन’ साप्ताहिकात दर आठवड्याला एक पत्र छापून येऊ लागले. हे साप्ताहिक अँग्लिकन चर्चच्या वर्तुळातले. त्याच नावाच्या आजच्या दैनिकाशी त्याचा संबंध नाही. मानधन लुइस यांनी धर्मादाय कामाला दिले. एका खेड्यातल्या पाद्रीबाबांनी तर, या पत्रांतला बराचसा सल्ला निव्वळ सैतानी आहे, असे कळवून अंक घेणे बंद केले. पुस्तक लेखक-मित्र जे. आर. आर. टोल्कीन यांना अर्पण केले आहे.

पत्रांत सगळे उलटे आहे. देव म्हणजे ‘शत्रू’, सैतान म्हणजे ‘खालचा आपला पिता’, आणि ज्याला ढळवायचे तो माणूस ‘रुग्ण’. भाषा थेट सरकारी फायलीतली: अहवाल, ताशेरे, वरिष्ठांची नाराजी, ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यांबद्दलची कुजबुज. १९६१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लुइस यांनी म्हटले आहे की, नरकाची त्यांच्या मनातली प्रतिमा पोलिसी राज्याच्या नोकरशाहीची किंवा एखाद्या अत्यंत घाणेरड्या कंपनीच्या कचेरीची आहे.

मराठी बायबलातल्या प्रभूच्या प्रार्थनेत मोहासाठी ‘परीक्षा’ हा शब्द येतो. स्क्रूटेपला मात्र मोठी परीक्षा घ्यायची हौस नाही. पहिल्याच पत्रात तो आपला जुना किस्सा सांगतो. ब्रिटिश म्युझियममध्ये वाचत बसलेल्या एका नास्तिकाचे विचार भलत्या दिशेने, म्हणजे देवाकडे, वळू लागले. स्क्रूटेपने वाद घातला नाही. जेवणाची वेळ झाली एवढेच मनात घातले. माणूस रस्त्यावर आला, पेपर विकणारा पोरगा आणि ७३ नंबरची बस दिसली, काम फत्ते. सतराव्या पत्रात रुग्णाची आई येते. ती खादाड नाही. तिला फक्त बेताचा चहा आणि नीट भाजलेला टोस्टचा एवढासा तुकडा हवा असतो. पण त्या ‘एवढ्याशा’साठी ती यजमानिणीला आणि मोलकरणीला जेरीस आणते. हीसुद्धा खादाडीच, आणि तिला ते कधीच कळणार नाही, म्हणून स्क्रूटेप खूश. खून पाडण्याची गरज नाही, पत्त्यांचा डाव पुरत असेल तर पत्ते चालतील, हे त्याचे धोरण.

तरीही डाव फसतो. रुग्ण ख्रिस्ती होतो, श्रद्धाळू घरातल्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि हवाई हल्ल्यात मरून थेट स्वर्गात जातो. एका पत्रात तर स्क्रूटेपचा संतापाने घोणीसारखा बहुपाद किडा होतो आणि उरलेला मजकूर चिटणिसाकडून लिहून घ्यावा लागतो.

लुइस यांना लिखाण सोपे गेले, पण त्यात आनंद मिळाला नाही. सतत सैतानाच्या डोक्याने विचार करून जीव कोरडा पडला, असे ते म्हणत. समतोलासाठी देवदूताचीही पत्रे हवी होती, पण ती भाषा कुठून आणणार, हा त्यांचा प्रश्न. १९५९ मध्ये मात्र त्यांनी ‘स्क्रूटेप प्रपोझेस अ टोस्ट’ हे स्क्रूटेपचे मेजवानीतले भाषण लिहिले.

शेवटच्या पत्रात हरलेला वर्मवुड रडकुंडीला येऊन विचारतो, ते ‘माझ्या लाडक्या’ म्हणणे खोटेच होते का? मराठी वाचकाला इथे शनिवारवाड्यातली ‘काका, मला वाचवा’ ही हाक आठवेल. प्रेम खरेच होते, असे काका कळवतो: तुला जेवढा मी हवा, तेवढाच मलाही तू हवास, खायला.