रुग्णासोबत प्रवास करणारे जिवाणू

चंदगड किंवा खानापूरहून बेळगावला, निपाणीहून कोल्हापूरला, अथणीहून मिरजेला असा गंभीर रुग्णांचा प्रवास आपल्या सीमाभागात नेहमीचाच आहे. रुग्णवाहिकेत रुग्णासोबत नातेवाईक असतात, एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट असतात; पण आधीच्या आयसीयूतून त्याच्या आतड्यात कोणते जिवाणू आले आहेत, याची नोंद अनेकदा कोणत्याच कागदावर नसते.

क्लेब्सिएला, अॅसिनेटोबॅक्टर यांसारखे प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू माणसाच्या आतड्यात, घशात किंवा त्वचेवर कोणताही त्रास न देता राहू शकतात. अशा माणसाला ताप नसतो, कुठे पू नसतो, म्हणून त्याला रोगी न म्हणता वाहक म्हणतात. तेच जिवाणू रक्तात, फुप्फुसात किंवा मूत्रमार्गात शिरून ऊतींना इजा करू लागले की तो संसर्ग ठरतो. या दोन अवस्थांमधले अंतर घरी फिरणाऱ्या धडधाकट माणसात मोठे असते आणि आयसीयूतल्या रुग्णात फारच थोडे उरते.

याचे एक कारण खुद्द उपचारातच आहे. निरोगी आतड्यातील असंख्य निरुपद्रवी जिवाणू जागा आणि अन्न व्यापून परक्यांना थोपवून धरतात. मेरोपेनेमसारखे व्यापक प्रभावाचे औषध दिले की हा पहारा मोडतो आणि ऊस तुटून गेलेल्या रानात तण माजावे तसे औषधाला पुरून उरलेले मोजके जिवाणू झपाट्याने वाढतात. त्यात व्हेंटिलेटरच्या नळीमुळे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, मोठ्या शिरेतील नळी त्वचेतून थेट रक्तापर्यंत वाट उघडते आणि लघवीच्या नळीच्या आतल्या पृष्ठभागावर जिवाणूंचे चिकट थर जमतात. आयसीयूतील कित्येक संसर्ग बाहेरून नव्हे, तर रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातील साठ्यातूनच उद्भवतात. उरलेल्यांपैकी बरेचसे न धुतलेल्या हातांवरून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पोहोचतात. अॅसिनेटोबॅक्टर तर कोरड्या कठड्यावरही कित्येक दिवस तग धरतो.

वाहकाचा प्रवास किती दूरवर होऊ शकतो, हे एनडीएम-१ या प्रतिजैविके निकामी करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) शोधातच दिसले. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ मध्ये मेरोपेनेमच्या गटातील औषधे निकामी करणारा क्लेब्सिएला सापडला. नव्या विकराला दिल्लीचे नाव दिल्यावरून पुढे आपल्याकडे बराच वाद झाला. त्या गदारोळात एक तपशील मागे पडला, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा होता: त्याच रुग्णाच्या विष्ठेतील ई. कोलाय या वेगळ्या जातीच्या जिवाणूतही हे विकर तयार करणारे तेच जनुक आढळले होते. हे जनुक प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-वलयावर बसून एका जातीतून दुसऱ्या जातीत जाऊ शकते. म्हणजे आतडे हे साठ्याचे ठिकाण आहेच, शिवाय देवघेवीचेही आहे.

दुसऱ्या रुग्णालयाच्या आयसीयूतून आलेल्या रुग्णाचा गुदमार्गाचा स्वॅब भरतीच्या वेळीच घेतला, तर वाहक ओळखता येतो. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहण्याला, एक-दोन दिवस लागतात, पीसीआर तपासणी काही तासांत होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की नातेवाईक साहजिकच विचारतात, मग इंजेक्शन कधी सुरू करणार? येथे डॉक्टरांनी ठाम राहायला हवे, कारण संसर्गाची लक्षणे नसताना केवळ वाहक आहे म्हणून प्रतिजैविक दिल्यास उरलासुरला पहाराही नष्ट होतो आणि कोलिस्टिनसारखे राखीव, मूत्रपिंडाला जाच करणारे औषध विनाकारण खर्ची पडते. अशा रुग्णाला शक्यतो वेगळी खोली, त्याला हात लावताना हातमोजे आणि गाऊन, प्रत्येक स्पर्शाआधी व नंतर हातांची स्वच्छता आणि गरज संपताच नळ्या काढणे, एवढेच करायचे असते. पुढे संसर्ग झालाच, तर पहिले औषध निवडताना हा रिपोर्ट कामी येतो.

तो रिपोर्ट रेफरल चिठ्ठीवर आणि डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत लिहिण्याला खर्च काहीच नाही, आणि दोन राज्यांच्या आरोग्ययंत्रणांमध्ये ये-जा करणाऱ्या आपल्या रुग्णांना त्याची गरज इतरांपेक्षा जास्तच आहे. घरी गेल्यावर वाहकाला वेगळे ताटवाटी देण्याचे कारण नसते. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे पुरते. आतड्यातील मूळचे जिवाणू सावरले की बहुतेकांमध्ये हे पाहुणे हळूहळू कमी होतात, मात्र त्याला कित्येक महिने लागू शकतात, आणि त्या काळात पुन्हा कुठेही भरती व्हावे लागले तर ते कार्ड पहिल्याच दिवशी दाखवावे.