आध्यात्मिक साधना, संत इग्नेशियसप्रणीत

रोमन कॅथलिक परंपरेतील सुमारे तीस दिवसांचा एकांत, मौन व प्रार्थना यांचा क्रम. तसेच तो क्रम साधकाकडून करवून घेणाऱ्या मार्गदर्शकासाठी लिहिलेले त्याच नावाचे छोटे पुस्तक. येशू संघाचा (जेझुइट) संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस (सु. १४९१–१५५६) याने ते स्पॅनिशमध्ये रचले. पोप तिसरा पॉल याने ३१ जुलै १५४८ रोजी त्यास मान्यता दिली. मराठी कॅथलिकांच्या बोलण्यात यासाठी ‘रिट्रीट’ हाच शब्द आहे. मात्र ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात चर्चमध्ये होणाऱ्या तीन दिवसांच्या प्रवचनांनाही रिट्रीटच म्हणतात. प्रस्तुत नोंद मूळ क्रमाविषयी आहे.

साधनेचा हेतू पुस्तकाच्या शीर्षकातच आला आहे : माणसाने स्वतःवर विजय मिळवावा आणि कोणत्याही बेशिस्त आसक्तीच्या ओढीने निर्णय न घेता जीवनाची घडी बसवावी. येथे प्रपंच सोडणे हे साध्य नव्हे. आरोग्य की आजार, श्रीमंती की गरिबी, मान की अपमान, दीर्घायुष्य की अल्पायुष्य यांपैकी कशाचीच आधीपासून निवड करून ठेवू नये, अशी मनाची तयारी प्रारंभीच्या ‘मूलतत्त्व व पाया’ या उताऱ्यात मागितली आहे. ‘अनासक्ती’ हा शब्द तिच्या जवळ जातो. पण गीतेतील अनासक्ती कर्मफलाविषयी आहे, तर इग्नेशियसची निवडीविषयी. निवड झाल्यावर साधकाने त्या वाटेवर मन ओतावे, अशीच अपेक्षा आहे.

रचनेचा काळ व उगम : हा प्रश्न जुना आणि वादग्रस्त आहे. स्पेनमधील पाम्प्लोना येथे मे १५२१ मध्ये तोफगोळ्याने पाय जायबंदी झाल्यावर इग्नेशियस लोयोलाच्या वाड्यात अंथरुणाला खिळून होता. तेथे संतचरित्रे व ख्रिस्तचरित्र वाचताना त्याच्या लक्षात आले, की शौर्य व प्रेमप्रकरणांच्या कल्पनांनी तेवढ्यापुरता आनंद होतो पण मागे कोरडेपणा उरतो. संतांचे अनुकरण करण्याच्या विचारांनी झालेला आनंद मात्र टिकतो. मार्च १५२२ मध्ये तो माँतसेरातच्या बेनेडिक्टीन (संत बेनेडिक्टच्या संन्यासी संघाच्या) मठात गेला, नंतर मानरेसा या गावी १५२३ च्या आरंभापर्यंत राहिला. कार्दोनेर नदीकाठी त्याला जो साक्षात्कार झाला, त्यातच संपूर्ण साधना प्रकटली असे येशू संघातील काही जुने लेखक मानत. याउलट, माँतसेरातचा मठाधिपती गार्सिया दे सिस्नेरोस याच्या १५०० मध्ये छापलेल्या ‘एखेर्सितातोरिओ’ या साधनाग्रंथावरून ती उचलली, असा दावा १६४१ मध्ये बेनेडिक्टीन कॉन्स्टन्टिनो काएतानी याने केला आणि दोन्ही संघांत कडवट वाद झाला. शीर्षकातील शब्द, आठवड्यांची विभागणी आणि शुद्धीपासून देवाशी ऐक्याकडे जाणारा क्रम ही साम्ये नाकारता येत नाहीत. माँतसेरातला पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूकडून इग्नेशियसला त्या ग्रंथाचा परिचय झाला असावा. परंतु निवडीची (जीवनमार्ग ठरवण्याची) पद्धत आणि मनोवस्था पारखण्याचे नियम सिस्नेरोसमध्ये नाहीत, आणि साधनेचा प्राण तर तेथेच आहे. खुद्द इग्नेशियसने उतारवयात आपला सहकारी गोन्साल्वेस दा कामारा याला सांगितले, की साधना एका बैठकीत लिहिली नाही. मनात जे घडे त्यातले इतरांना उपयोगी वाटेल ते टिपत गेलो, आणि निवडीचा भाग लोयोलातील त्या अनुभवांतून आला. ही साक्ष इतर तर्कांपेक्षा वजनदार मानावी लागते. सारांश, गाभा मानरेसाचा आणि पुढे सु. १५४० पर्यंत भर पडत गेली, हे मत आज सामान्यतः स्वीकारले जाते. चर्चशी एकमताने विचार करण्याचे नियम पॅरिसमधील वास्तव्याच्या (१५२८–३५) अखेरीच्या किंवा त्यानंतरच्या काळातले असावेत.

‘स्वहस्तलिखित’ म्हणून ओळखली जाणारी स्पॅनिश प्रत लेखनिकाच्या हातची आहे. तिच्यात इग्नेशियसच्या हातच्या फक्त दुरुस्त्या आहेत. १५४८ मध्ये छापले गेले ते मात्र येशू संघातील आंद्रे दे फ्रू याचे सफाईदार लॅटिन रूपांतर. मूळ स्पॅनिश ओबडधोबड, जवळजवळ टिपणवजा आहे. आधुनिक आवृत्त्यांत मजकुराचे ३७० क्रमांकित परिच्छेद करतात.

क्रम : साधना चार ‘आठवड्यांची’ असते, पण आठवडा म्हणजे सात दिवस नव्हेत. ज्याला पश्चात्तापाचे फळ लवकर मिळते त्याचा पहिला आठवडा आखडता घ्यावा, इतरांचा लांबवावा. एकूण मुदत तीस दिवसांच्या आसपास ठेवावी. पहिल्यात पाप व देवाची दया, दुसऱ्यात ख्रिस्ताचे जीवन, तिसऱ्यात त्याचे दुःखसहन, चौथ्यात त्याचे पुनरुत्थान असे विषय येतात. दिवसाला एकेका तासाच्या पाच बैठका : मध्यरात्री, पहाटे उठल्यावर, मिस्सेच्या (चर्चमधील मुख्य उपासनेच्या) आधी वा नंतर, सायंप्रार्थनेच्या वेळी आणि रात्रीच्या जेवणापूर्वी. वय व प्रकृतीनुसार त्या कमी करतात. बैठकीच्या जागेपासून एकदोन पावलांवर क्षणभर उभे राहून देव आपल्याकडे पाहत आहे असे मनात आणायचे. मग गुडघे टेकून, पालथे, उताणे, बसून किंवा उभ्याने, जसे जमेल तसे. ज्या आसनात हवे ते मिळाले ते बदलायचे नाही. बैठकीनंतर सुमारे पाव तास ती कशी गेली हे तपासायचे. पहिल्या आठवड्यात खिडक्या-दारे लावून अंधार ठेवतात.

एकाच दोषाची झडती हा स्वतंत्र सराव आहे. सकाळी तो दोष टाळण्याचा निश्चय. दोष घडताच छातीला हात लावायचा, तोही शेजारच्याला न कळेल असा. दुपारी व रात्री जेवणानंतर तासातासाचा हिशेब करून रेघेवर तितके ठिपके. दिवसाला दोन रेघा, आठवड्याच्या सात जोड्या. पहिली रेघ दुसरीशी, आज कालशी आणि हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा.

ऐहिक ओढीची उकल दुसऱ्या आठवड्यात होते. ‘दोन निशाणे’ या चिंतनात सैतानाचा डाव तीन पायऱ्यांचा सांगितला आहे : आधी संपत्तीचा हव्यास, त्यातून लौकिकाची हाव, त्यातून गर्व, आणि गर्वातून उरलेले सर्व दुर्गुण. ख्रिस्ताची वाट उलटी : दारिद्र्य, अवहेलना, नम्रता. पाठोपाठ ‘माणसांचे तीन वर्ग’ येतात. तिघांनाही दहा हजार द्युकात (सोन्याची नाणी) मिळाले आहेत, केवळ देवाच्या प्रेमाखातर नव्हे, आणि त्या पैशावरचा जीव तिघांनाही सलतो. पहिला मरेपर्यंत काही करत नाही. दुसरा आसक्ती सोडायला तयार आहे, पैसा नाही. देवानेच आपल्या इच्छेकडे यावे अशी त्याची मागणी. तिसरा पैसा ठेवावा की सोडावा हे देवाच्या सेवेवर सोपवतो. बहुतेक साधक स्वतःला दुसऱ्या वर्गात ओळखतात, आणि चिंतनाचा रोखही तोच आहे. येथे उपाय सांगितला आहे तो उलट दिशेने जोर लावण्याचा : पद वा धन सोडायला मन धजत नसेल तर ते जावे अशीच प्रार्थना करायची, नको वाटत असतानाही.

आहाराचे नियम विलक्षण व्यवहारी आहेत. भाकरीत फारसे कमी करण्याची गरज नाही. पेयांत अधिक संयम, चमचमीत पदार्थांत सर्वांत जास्त. दुसऱ्या जेवणाचे प्रमाण पहिले जेवण होताच, म्हणजे भूक नसताना ठरवायचे. झोपेतली अतिरिक्त तेवढी कमी करायची, आवश्यक नव्हे. देहदंडाची वेदना कातडीपर्यंत राहावी, हाडापर्यंत जाऊ नये. यामागे अनुभव आहे. मानरेसातील टोकाच्या उपासांनी इग्नेशियसचे पोट कायमचे बिघडले आणि पापनिवेदन अपुरे राहिल्याच्या शंकांनी तो आत्महत्येच्या विचारापर्यंत गेला. शंकाकुलतेवरील नियमांचे मूळही बहुधा येथेच आहे.

बिघाड व उपाय : नेहमीची चूक म्हणजे मन कोरडे पडले की तास आटोपता घेणे. म्हणून अशा वेळी थोडे अधिक बसावे आणि सांत्वनाच्या, म्हणजे मन देवाकडे ओढले जाऊन उल्हसित असण्याच्या, काळात घेतलेला निर्णय बदलू नये. कोरडेपणाची कारणे तीन दिली आहेत : स्वतःचा आळस, परीक्षा, किंवा सांत्वन ही आपली कमाई नाही याची जाणीव. कारण न ओळखता सरसकट धीर देणारा मार्गदर्शक आळशाला अधिक आळशी करतो. उलट, भरात असलेला साधक घाईने व्रत घेतो. त्याला अडवणे हे मार्गदर्शकाचे काम. मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहावे, कोणत्याही बाजूला ढकलू नये. त्याने साधकाची पापे विचारायची नसतात, फक्त मनातील हालचाली जाणून घ्यायच्या. चांगल्या रूपात येणारा मोह ओळखण्याचे सूक्ष्म नियम पहिल्या आठवड्यातील साधकाला देऊ नयेत. त्याला ते पेलत नाहीत आणि अपाय होतो. नुसते वाचण्यासाठी पुस्तक उघडणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण त्यात सूचना आहेत, प्रवचन नाही.

प्रार्थनेच्या तिसऱ्या पद्धतीत एका श्वासाला प्रार्थनेचा एक शब्द, अशी लय सांगितली आहे. तिचे नाते पौर्वात्य ख्रिस्ती जपाशी किंवा योगाशी जोडण्याचा मोह होतो. तेवढ्या साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही.

प्रसार : फ्रान्सिस झेवियरने १५३४ मध्ये पॅरिस येथे ही साधना केली, तो ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचला. येशू संघाचा अधिकृत मार्गदर्शक ग्रंथ १५९९ चा. पुढे एकेकट्याऐवजी समूहाला प्रवचने देण्याची रीत रूढ झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५), एका साधकाला एक मार्गदर्शक ही मूळ पद्धत परतली. मुंबईत जन्मलेले अँथनी डिमेलो (१९३१–८७) यांनी पुण्यात सुरू केलेली व नंतर लोणावळ्यास गेलेली साधना संस्था याच प्रवाहातली. श्वास व देहजाणिवेच्या सरावांची त्यांनी मूळ साधनेला जोड दिली. त्यांच्या काही लेखनाविषयी व्हॅटिकनने १९९८ मध्ये सावधगिरीची सूचना काढली. येशू संघाचे सभासद नवशिक्षणात (प्रवेशानंतरच्या पहिल्या टप्प्यात) आणि प्रशिक्षणाच्या अखेरीस अशी दोनदा पूर्ण साधना करतात, एरवी दरवर्षी आठ दिवसांची. नोकरी-संसार सोडता न येणाऱ्यांसाठी पुस्तकाच्या आरंभीच्या सूचनांपैकी एकोणिसावीत दररोज दीड तास काढून घरीच करण्याची सोय आहे. ती कित्येक महिने चालते.